नावावरची पट्टी

शनिवारी सकाळी चुरी सर ऑफिसच्या भिंतीवर कागद चिकटवायचे. प्रत्येक कागदावर आमच्यापैकी कोणीतरी त्या आठवड्यात लिहिलेला कोड असायचा, आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे लिहिणाऱ्याचं नाव छापून यायचं, तिथे पांढऱ्या कागदाची एक पट्टी. पट्ट्या ते स्वतः कापत, फूटपट्टी लावून, आणि चिकटवल्यावर अंगठ्याने दाबून बघत. मग हात झटकून म्हणत, "चला, फाडा." आम्ही भिंतीसमोर उभे राहून ते कागद फाडायचो, म्हणजे तोंडाने. कोणाचा कागद आहे हे माहीत नसल्यामुळे भीड पडायची नाही. स्वतःचा असला तरी गप्प उभं राहून ऐकायचं, आणि संशय येऊ नये म्हणून एखादा टोमणा आपणही मारायचा. सगळ्यांचं बोलून झालं की सर नखाने पट्टी सोलायचे आणि खालचं नाव मोठ्याने वाचायचे.

सर गेले ते कळलं तेव्हा आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर मेसेज येत राहिले. प्रेमळ मार्गदर्शक, गुरुतुल्य, आमचा आधारवड. आणि फिरून फिरून एकच गोष्ट: त्यांनी पट्टीखाली स्वतःच्या मुलीचं नाव निघालं तरी निकाल बदलला नाही, असा न्यायी माणूस पुन्हा होणे नाही. ती मुलगी त्या ग्रुपमध्ये नाही. मी आहे. त्यांच्या हाताखाली सगळ्यात जास्त काळ मीच काम केलं. प्रेमळ ते नव्हते, हे मेसेज लिहिणाऱ्यांनाही ठाऊक आहे. न्यायी होते की नाही, ते मला सांगायचं आहे.

हेमंत चुरी मूळचे चिंचणीचे वाडीवाले. चिकू, नारळ, थोडी शेती. शिकले मुंबईत, मग बरीच वर्षं परदेशात प्रोसेसर बनवणाऱ्या एका कंपनीत होते. बायको लवकर गेली, मुलगी चिंचणीला आजीकडे वाढली, आणि आजीही गेल्यावर सर कायमचे परत आले. बोईसरला पंप दुरुस्तीच्या दुकानावरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला आणि परदेशातल्या एका कंपनीचं काम तिथे आणलं. इंजिनिअरिंग केलेल्या इथल्या मुलांनी फार तर केमिकल कंपनीत शिफ्ट करायची किंवा पुण्याला जायचं, असं सगळे धरून चालले होते. त्यामुळे पालघरपासून डहाणूपर्यंत सरांचं नाव झालं. पश्चिमेचा वारा सुटला की एमआयडीसीचा वास थेट आत यायचा म्हणून खिडक्या कायम बंद, आणि खाली पंप तपासायला सुरू केला की आमची टेबलं थरथरायची. सर त्या आवाजावर आवाज चढवून बोलायचे. क्लायंटशी ते इंग्रजी बोलत, बँकेशी शुद्ध मराठी आणि आमच्याशी गावची बोली. ही आपुलकी समजू नका. अपमान त्या भाषेत नीट बसायचे.

मुलाखतीत त्यांनी मला नाव विचारलं नाही. "कुठली?" एवढंच म्हणाले.

"मासवण."

"बस, मासवण."

मग त्यांनी फळ्यावर एक लांबलचक आकडा लिहिला, त्याच्या शेपटावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "वाच." मी दिसत होता तेवढा वाचला, आणि सवयीने वाकून हाताखाली काय आहे ते बघायला गेले.

"वाकून काय बघतेस? झाकलंय ते तुझ्यासाठी नाय. उघडं हाय तो पत्ता. झाकलेलं हाय ते कोनाचं तरी नाव. नाव बघत बसशील तर पत्ता चुकशील."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले आणि माझं नाव मासवण पडलं. सगळ्यांचं तसंच होतं. जो जिथला, त्याला त्या गावाच्या नावाने हाक. नीलेश नावाचा खानदेशातला मुलगा होता, तो जळगाव. एकाला सातपाटी. मी एकदा धीर करून विचारलं की सर, आम्हाला नावं आहेत, ती का घेत नाही? "नावं लक्षात ठेवायला माझं डोकं काय फुकट आलंय? आनि माणूस बदलला तरी गाव तिथंच ऱ्हातं," ते म्हणाले. पुन्हा मी विचारलं नाही.

नीलेशचे वडील वारले तेव्हा तो काम अर्धवट टाकून घरी धावला. तेरावं करून, डोक्याचा गोटा घेऊन परत आला, आणि त्या शनिवारी भिंतीवर पहिला कागद त्याचाच होता. अर्धाच कोड. खाली काही नाही. आम्ही नेहमीसारखे तुटून पडलो, कारण कोणाचा ते माहीत नव्हतं. पट्टी निघाली तेव्हा आमच्यातलं कोणीतरी पुटपुटलं, "सर, त्याचे वडील गेले होते." सर कागद सरळ करत म्हणाले, "मशीनला सुतक नसतं." नीलेश उरलेला कोड पूर्ण करून मगच घरी गेला. आता तो हैदराबादला मोठ्या जागेवर आहे, आणि ग्रुपवर सगळ्यात लांब श्रद्धांजली त्याचीच होती. भिंतीसमोर खाली मान घालून उभं राहिलेलं ते गुळगुळीत डोकं मला दिसतं. त्याला बहुतेक दिसत नसावं.

आमचं काम काय होतं ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक चालवायचे. त्यांना आभासी मशीन म्हणतात. बोईसरला एकाच घराच्या खोल्या पाडून भाडेकरू ठेवतात तसंच, फक्त इथे प्रत्येक भाडेकरूला अख्खं घर आपलंच आहे असं वाटलं पाहिजे. मेमरीत कोणाचं सामान कुठे ठेवलंय याचा एक तक्ता असतो, आणि तो तक्ता कुठे आहे ते प्रोसेसरमधल्या एका रजिस्टरात, म्हणजे एक मोठा आकडा मावेल अशा जागेत, लिहिलेलं असतं. त्या आकड्याचा वरचा भाग म्हणजे तक्त्याचा पत्ता. शेवटचे थोडे बिट, म्हणजे आकड्याचं शेपूट, ही ओळख: सध्या कोणता प्रोग्राम चालू आहे, त्याचा क्रमांक. पत्ता वाचायचा असेल तर ओळखीचे बिट शून्यांनी झाकून घ्यायचे. याला मास्क करणं म्हणतात, आणि ते एका ओळीचं काम आहे. ती ओळ राहिली तर ओळख पत्त्यात मिसळते, मशीन भलतीकडे जाते आणि दुसऱ्याच कशाला तरी तक्ता समजून वाचत सुटते. मग सगळंच कोसळतं.

पण यात एक खोच आहे. ओळखीचा क्रमांक शून्य असेल तर झाकलं काय आणि नाही झाकलं काय, पत्ता तोच येतो. चूक असते, पण दिसत नाही. आणि आमच्या ऑफिसात ज्या मशीनवर आम्ही आमचा कोड तपासायचो, तिच्यात ओळखी बंद ठेवलेल्या होत्या. सगळ्यांची ओळख शून्य. ती मशीन सरांनीच तशी लावली होती. आम्ही चालू करू का म्हटलं की ऐकायचे नाहीत. "मशीनने चूक पकडायची तर तुमाला पगार कशाला? तुमी डोळ्यांनी पकडा." म्हणजे मुद्दाम खड्डा खणून त्यावर पानं पसरून ठेवल्यासारखं होतं, आणि नवीन माणूस त्यात पडेपर्यंत सर वाट बघायचे.

मी पडले. माझ्या पहिल्याच मोठ्या कामात मास्कची ओळ राहिली, मशीनवर सगळं सुरळीत चाललं, आणि शनिवारी माझा कागद भिंतीवर लागला. पट्टी निघाल्यावर सरांनी मला पुढे बोलावलं, ती ओळ मोठ्याने वाचायला लावली, आणि कागदावर पेनाने एक आकडा लिहून म्हणाले, "झाक." मी त्याच्या शेपटावर तळहात ठेवला. "आता ठेव तसाच." बाकीच्या सगळ्यांचे कागद होईपर्यंत मी भिंतीला हात लावून उभी. चहा आला, माझ्या कपावर साय धरली. मी रडायला लागले तर सर मान न वळवता म्हणाले, "डोळे डाव्या हाताने पूस. उजवा काढायचा नाय." दुपारी सोडलं. सोमवारी मात्र काहीच झालं नसल्यासारखं, "मासवण, इकडं ये, हे बघ," म्हणून शेजारी बसवून सगळं पहिल्यापासून समजावलं, आणि तसं समजावणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्या दिवसानंतर मी मास्क कधीच विसरले नाही. ही शिक्षा मला लागू पडली हे कबूल करायला मला आवडत नाही, पण पडली.

रेवती त्यांची एकुलती एक मुलगी. पदवी घेऊन ती आमच्यात आली तेव्हा आम्ही जरा सावरून बसलो. सरांनी तिला चिंचणी अशी हाक मारायला सुरुवात केली, जणू ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून येते. ती त्यांना सर म्हणायची. दोन डबे आणायची, एक त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि आमच्यात येऊन जेवायची. सर आमच्याकडे पाठ करून जेवत. ती आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार होती. हे मी चांगुलपणा म्हणून लिहीत नाही, मला तिचा तेव्हा रागच यायचा. मी दिवसभर शोधत असलेली चूक ती खुर्चीमागून जाता जाता दाखवायची, आणि वर सॉरी म्हणायची.

एकदा जेवताना ती म्हणाली, "घरी आमी बोलतच नाय. आठवीत होते तवा बाबा आले. मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, तेवढंच काय ते बोलणं. आता ते भिंतीवर बोलतात."

"मग कधी बरं म्हणालेत का तुला?" मी विचारलं.

"म्हणतील. पण पट्टी असताना म्हणायला पायजे. पट्टी काढल्यावर म्हणाले तर मुलगी म्हणून म्हणाले असं होईल. नाव झाकलेलं असताना एकदा 'ठीक हाय' म्हणाले ना, की मला बास."

तिला हवं होतं ते एवढंच. त्यासाठी ती दर शनिवारी सगळ्यात आधी येऊन उभी राहायची आणि आपल्या कागदाकडे चुकूनही बघायची नाही. आम्हाला कोणालाच तिचा कागद ओळखता यायचा नाही.

मग क्लायंटने काम वाढवलं. नवीन माणसं घेतली गेली, ती सोमवारपासून येणार होती. खाली चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं की आता काय, बापाची कंपनी आणि मुलगी मॅनेजर. हे सरांच्या कानावर गेलं होतं. जायचंच, टपरीवरचं सगळंच वर जायचं.

त्या शनिवारी मधल्याच एका कागदापाशी मी थांबले. मला लगेच दिसलं. रजिस्टरातला आकडा वाचला होता, सरळ पत्ता म्हणून वापरला होता, मास्क नव्हता. ही चूक माझ्या ओळखीची, त्यामुळे मी जोरात सुरुवात केली, आणि मग सगळेच तुटून पडले. रेवतीसुद्धा बोलली. "मशीनवर चाललं म्हणून पाठवलं असेल," असं काहीतरी ती म्हणाली. तिचा आवाज साधा होता. सर एरवी अशा वेळी मजा घ्यायचे, चेष्टा करायचे, त्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. सगळे गप्प झाल्यावर म्हणाले, "ज्याने हे लिवलं त्याला हा धंदा कळत नाय. शिकवून पन कळणार नाय. त्याने सोमवारपासून येऊ नये."

कामावरून काढण्याची भाषा भिंतीसमोर आजवर कधी झाली नव्हती. सरांनी नखाने पट्टी सोलली आणि वाचलं, "रेवती हेमंत चुरी." खाली कोणीतरी पंप चालू केला, भिंत थरथरायला लागली. पट्टी त्यांच्या बोटाला चिकटून राहिली होती. त्यांनी तिची गोळी केली आणि खिशात टाकली. "बोललो ते बोललो. नाव बघून बदलायला मी काय राजकारणी नाय," ते म्हणाले. रेवती म्हणाली, "हो सर." तिने पिशवी घेतली, त्यांच्या टेबलावरचा कालचा रिकामा डबाही घेतला, आणि जिना उतरून गेली. सरांनी पुढच्या कागदाकडे बोट केलं.

सोमवारी नवीन माणसं आली, त्यांनी सगळ्यात आधी हीच गोष्ट ऐकली. मग ती बोईसरभर झाली, पालघरला गेली, लग्नाकार्यात लोक सरांना बघून एकमेकांना सांगायचे: हाच तो माणूस, नाव माहीत नसताना बोलून बसला आणि पोटच्या पोरीसाठीही शब्द फिरवला नाही. आम्हाला त्यांची कीवही यायची. आपल्याच नियमात अडकलेला बाप. ऑफिसात त्यानंतर वशिल्याचा शब्द कोणी काढला नाही. सर रेवतीचं नाव काढत नसत. कोणी आडून विचारलंच तर म्हणत, "ओळ चुकली, ओळ काढली."

रेवती पुण्याला मुलाखती देऊन आली. फळ्यासमोर पेन हातात घेतलं की तिला काही सुचायचं नाही. मग तिने जाणंच सोडलं. लग्न पालघरच्या मुलाशी झालं, तो जिल्ह्याच्या ऑफिसात आहे, सरळ माणूस. रेवती टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायला लागली. सरकारी परीक्षेसाठी आलेल्या मुली ओळीने बसलेल्या, आणि ही मागून फिरत त्यांची बोटं बघते. मी पहिल्यांदा तिला तिथे बघितलं तेव्हा बाहेरूनच परत फिरले. मला ते बघवलं नाही.

बऱ्याच वर्षांनी सरांनी कंपनी पुण्याच्या लोकांना विकली. मी त्या पुण्याच्या लोकांसाठी बोईसरच्या घरूनच काम करायला लागले, सर चिंचणीला वाडीत जाऊन राहिले. मग त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी पालघरला यावं लागायचं, कोणी ना कोणी ओळखीचं गाडीतून आणायचं, आणि चिंचणी-पालघर एवढा रस्ता करून ते पार गळून जायचे. मी भेटायला गेले तेव्हा ते ओट्यावर बसले होते, सुजलेले पाय स्टुलावर. झाडावर चिकू उतरवणाऱ्या माणसाला खालून ओरडत होते की कच्चा काढतोस, डोळे गावाला ठेवून आलास काय. म्हणजे प्रकृती बरी होती.

"सोमवारी रेवती न्यायला येणार," ते म्हणाले. "खोली तयार केलीय म्हणते. तिच्याकडंच ऱ्हायचं आता. दवाखाना जवळ पडंल." मुलीचं नाव त्यांनी घेतलेलं मी त्या पट्टीनंतर पहिल्यांदा ऐकलं. दवाखान्याचं कारण सांगत होते, पण बॅग भरून दाराशी आणून ठेवलेली होती, सोमवारला अवकाश असताना. मला बरं वाटलं. त्या भरात मी म्हणून गेले, "सर, त्या शनिवारी नाव आधी माहीत असतं तर तुम्ही तसं बोलला नसतात ना?"

सर हसले. "नाव माहीत नव्हतं असं तुला कोनी सांगितलं?"

ते चिकू उतरवणाऱ्याकडे बघत सांगत राहिले. "कंस उघडायच्या आधी ती एक ओळ रिकामी सोडते. आठवीपासून. मीच लावलेली सवय. पट्टी कापतानाच मला ठाऊक होतं कोनाचा कागद हाय."

"मग?"

"सोमवारी नवीन माणसं यायची होती. बापाची कंपनी म्हणून सगळी टंगळमंगळ करत बसली असती. एकदा दाखवावं लागतं."

"पण चूक तर माझीच होती, सर. म्हणजे माझ्यासारखीच."

"तीच होती. तुला काढलं काय? ती माझी मुलगी नसती तर तिला पन नसती काढली. दुपारपर्यंत भिंतीला उभी केली असती आनि सोमवारी समजावलं असतं." आणि मग, हे ते चक्क अभिमानाने म्हणाले, "तुमच्या सगळ्यांपेक्षा हुशार होती ती. तुझ्या तर कितीतरी पुढं."

"हे तिला कधी सांगितलंत?"

"कशाला सांगायचं? हुशार माणसाला कळतं."

निघताना त्यांनी मला पिशवीभर चिकू दिले, आणि पिकायला पेंढ्यात ठेव, तुला अक्कल नाय म्हणून सांगतो, असंही म्हणाले. मी तिथून पालघरला रेवतीकडे गेले. तिच्या घरी मला नेहमी जायला आवडतं असं नाही, पण त्या दिवशी गेले. तिने मला खोली दाखवली. नवी खाट, उशाशी औषधांसाठी छोटं टेबल, भिंतीला धरायला दांडा बसवून घेतलेला. लॅपटॉप लावता यावा म्हणून खाटेजवळ नवा प्लगही काढला होता. चादर ती हाताने सारखी करत होती.

"तुला राग नाय आला कधी त्यांचा?" मी विचारलं.

"आला ना. पण राग कसला धरू? बाबांना कुठं माहीत होतं माझा कागद हाय ते. माहीत असून बोलले असते तर गोष्ट वेगळी. नाव न बघता त्यांनी सांगितलं मला कळत नाय म्हणून. म्हणजे खरंच कळत नसणार. कोनीतरी खरं सांगितलं हे बरंच झालं की."

हे ती समजूतदारपणे, हसून म्हणाली. मला ते हसणं सहन झालं नाही. मी तिला सांगितलं. कंसाच्या आधीची रिकामी ओळ, पट्टी कापतानाच माहीत असणं, सोमवारची नवीन माणसं, सगळं. लोक म्हणतील की हे सोमवारनंतर सांगता आलं असतं, किंवा न सांगताही चाललं असतं. मला तसं वाटत नाही. एक खोटा निकाल खरा मानून ती बाई इतकी वर्षं जगत होती, आणि तो खोटा आहे हे माहीत असलेली माणसं जगात दोनच होती. त्यातला एक बोलणार नव्हता.

रेवती खाटेच्या कडेवर बसली. "हुशार म्हणाले?"

"म्हणाले."

"तुमच्या सगळ्यांपेक्षा?"

"हो."

क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहणारी मुलगी मला त्यात दिसली. मग तो उजेड गेला. "तुझी पन तीच ओळ राहिली होती ना?"

"तीच."

"आनि तू राहिलीस."

"राहिले."

"मंग मी इतकी वर्षं पोरींची बोटं कशाला बघत बसलेय?" तिने मला विचारलं. रागाने नाही, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं. तिने उठून खाटेवरची उशी घेतली आणि आतल्या खोलीत ठेवून आली. परत येऊन चादर काढली, घडी घातली. "तू जा आता," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. "तिने कळवलं. खोली तयार नाय म्हणते." "तू सांगितलंस," ते म्हणाले.

"हो सर."

"सांगू नको असं मी म्हणालो नव्हतो."

"नाही."

"मंग तुझी चूक नाय." त्यांचा आवाज अगदी शनिवारचा होता. "काय म्हणाली ती? जसंच्या तसं सांग."

मी जसंच्या तसं सांगितलं. उजळलेला चेहरा सांगितला, पोरींची बोटं सांगितली, घडी घातलेली चादरही सांगितली. काही गाळलं नाही. गाळलेलं त्यांना चालायचं नाही. सर ऐकत होते. मागे वाडीतला पंप चालू होता तो ऐकू येत होता.

"मंग मला आता कोन नेल?" ते म्हणाले.

इतक्या वर्षांत सरांनी मला उत्तर माहीत नसलेला प्रश्न कधी विचारला नव्हता. माझ्याकडे गाडी आहे. घरूनच काम करते, वेळ काढता येतो, आणि चिंचणी मला लांब नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं. ते वाट बघत होते.

"रिक्षा ठरवून घ्या, सर," मी म्हटलं. "महिन्याची बोलून ठेवली तर पालघरपर्यंत येतात."

"बरं," सर म्हणाले, आणि शेवटपर्यंत ते रिक्षानेच गेले.